दवाखाना की शाळा? एका परिचारिकेपुढचा प्रश्न

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझी थोरली बहीण घरी आली. बरोबर तिची मुलगीही होती. ही माझी भाची गेली अकरा वर्षे एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि हातातली चकली तशीच बशीत ठेवून ती म्हणाली, "मामा, एक विचारायचं होतं. आमच्या तालुक्याजवळ एक निवासी शाळा आहे. चारशे मुलं आहेत. तिथं सिस्टरची जागा निघालीय. जाऊ का?"

तिने उत्तर मागितले माझ्याकडे, पण दिले तिच्या आईने. "काही नको. एवढं शिकलीस, ते काय पोरांच्या गुडघ्याला औषध लावायला?"

श्रोते हो, मी इतिहास शिकवणारा माणूस. इंजेक्शनची सुई पाहिली तरी मला घेरी येते. तरीही या प्रश्नाचा मी मनापासून विचार केला. कारण हा प्रश्न केवळ माझ्या भाचीचा नाही. तुमच्याही घरी एखादी मुलगी किंवा सून या पेशात असेल. आणि तुम्ही शिक्षक असाल, तर उद्या अशी सिस्टर तुमच्या शाळेच्या दारात उभी राहील. तिचे काम काय, हे तुम्हांला ठाऊक हवे.

आधी दोन कामांतला फरक पाहू. रुग्णालयात माणूस आजारी पडून येतो. त्याचे दुखणे बोलके असते. डॉक्टर लिहून देतात, सिस्टर त्याप्रमाणे करते. अडचण आली तर हाक मारायला शेजारच्या वॉर्डात कोणीतरी असते. पाळी संपली की पुढचीला चार्ज देऊन घरी जाता येते. कष्ट फार. भाची सांगत होती, रात्रपाळीला तीस-पस्तीस रुग्ण आणि आम्ही दोघी. पण सकाळी ताप उतरलेला दिसतो, रोगी उठून बसलेला दिसतो. कामाचे फळ डोळ्यांपुढे असते.

शाळेत सगळे उलटे. तेथे चारशेतली बहुतेक मुले धडधाकट. जे मूल आजारी आहे, त्यालाच पुष्कळदा ते माहीत नसते. ज्याला लहानपणापासून कमी ऐकू येते, त्याला वाटते, सगळ्यांना असेच ऐकू येत असेल! डॉक्टर जवळ नसतात. पोट दुखते म्हणून आलेल्या मुलाला थोडा वेळ निजवावे, घरी कळवावे, की लगेच गाडीत घालून दवाखान्यात न्यावे, हे सिस्टरला एकटीने ठरवावे लागते. म्हणजे शाळेचे काम हलके, हा समज चुकीचा आहे. अंगमेहनत कमी असेल, पण जबाबदारी एकटीची असते.

आता थोडा इतिहास सांगतो. १९०२ सालची न्यूयॉर्कची गोष्ट आहे. तेथे डॉक्टर शाळांत जाऊन मुले तपासत. कोणाला खरूज, कोणाला उवा, कोणाचे डोळे आलेले. अशा मुलांना चिठ्ठी देऊन घरी पाठवीत. नियम बरोबरच होता. पण घरी चिठ्ठी वाचणार कोण? आईबाप परदेशांतून आलेले, दिवसभर कामावर. औषध कोणी करीना, आणि मूल महिनोन्‌महिने शाळेबाहेर. तेव्हा लिलियन वाल्ड या समाजसेविकेने आपल्या संस्थेतील लीना रॉजर्स ही परिचारिका एका महिन्यासाठी शाळांना दिली. चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले तिच्याकडे होती. तिने काय केले? खरूज-नायटा शाळेतच साफ करून औषध लावले आणि मुलाला वर्गात बसवले. संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना उपचार दाखवले. सप्टेंबर १९०२ मध्ये घरी पाठवलेल्या मुलांची संख्या दहा हजारांवर होती. पुढल्या वर्षी त्याच महिन्यात ती अकराशेच्या आसपास आली. रोग ओळखणारे डॉक्टर आधीही होतेच. उणीव होती ती चिठ्ठी आणि औषध यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाची.

आपल्याकडे शाळेतील मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. ते सयाजीराव महाराजांचे संस्थान. पण पुढे गती राहिली नाही. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात नोंदवले, की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. अलीकडची मोठी घटना म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरला झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक गाडीतून फिरते. अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासावी, अशी योजना आहे. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील उणीव आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी ते शोधतात. काम मोलाचे आहे. पण पथक एक दिवस येते आणि जाते. उरलेल्या दिवसांत कोणाचा कान वाहतो, कोण लोहाच्या गोळ्या खिडकीतून फेकतो, हे पाहणारा माणूस शाळेतच हवा.

येथे एक स्वतःची आठवण सांगतो. मी सातवीपर्यंत वर्गात मागच्या बाकावर बसे. फळ्यावरचे मला दिसत नसे. शेजारच्याच्या वहीत पाहून उतरवी, म्हणून गुरुजी मला लबाड म्हणत आणि छडी देत. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. पुढे एका लग्नात पाहुण्याचा चष्मा मी गंमत म्हणून डोळ्यांना लावला, आणि समोरच्या झाडाची पाने मला वेगवेगळी दिसली! तोपर्यंत झाड म्हणजे एक हिरवा ढीग, एवढेच मला माहीत होते. वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता टांगून एका मुलाची नजर पाहायला तीन मिनिटे पुरतात. चारशे मुलांना वीस तास. वीस तासांच्या त्या कामावाचून किती मुले 'ढ' ठरली असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

हे सगळे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, "मामा, हे पटतंय. पण माझ्या हातातलं जाईल त्याचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. सलाइनसाठी शीर शोधणे, अत्यवस्थ रुग्णाजवळ डोके शांत ठेवणे, ही कामे सरावाने टिकतात. पाच वर्षांनी परत रुग्णालयात जायचे झाले तर जड जाईल. पगार कमी असेल, नेमणूक पुष्कळदा मुदतीच्या कराराची असते. बरोबरीच्या मैत्रिणी सुटतात. आणि निवासी शाळेत रात्रपाळी नसते असे समजू नका. रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणले तर दार सिस्टरचेच वाजते.

म्हणून मी तिला म्हटले, "अगं, जाऊ का हे मला विचारू नकोस. तू थकली आहेस म्हणून निघते आहेस, की तुला ते काम हवं आहे, हे आधी स्वतःला विचार. नुसती थकली असशील तर रजा घे, वॉर्ड बदलून माग. आणि ते काम हवं असेल तर जाऊन शाळा बघ आणि चार गोष्टी विचारून ये."

त्या चार गोष्टी तुम्हीही टिपून ठेवा. पहिली, खोली. तिच्यात वाहते पाणी, एक खाट आणि कुलपाचे कपाट आहे का? दुसरी, डॉक्टर. कोणते औषध, किती, कोणत्या लक्षणाला द्यायचे, हे एखाद्या डॉक्टरांच्या सहीने लेखी हवे. सिस्टरने आपल्या मनाने औषधे ठरवू नयेत, आणि मुख्याध्यापकांनी तसा आग्रहही धरू नये. तिसरी, गाडी. साप चावला तर रात्री कोणती गाडी, कोण चालवणार, कोणत्या दवाखान्यात जायचे? चौथी, करार. मुदत, पगार आणि सुट्टी कागदावर हवी. याशिवाय परिचर्या परिषदेकडील आपली नोंदणी वेळच्या वेळी नवी करीत राहावी. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही.

शिक्षक मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. शाळेत सिस्टर आली, की तिला हजेरीपटाच्या आणि पोषण आहाराच्या नोंदींना जुंपू नका. फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणारे मूल, हाक मारली तरी न वळणारे मूल, वरचेवर गैरहजर राहणारी मुलगी, ही नावे तिला द्या. वर्गात कोणाला फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे बाक दूर करा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा. हे सिस्टर तुम्हांला शिकवील, पण तिच्याकडून शिकण्याची तयारी तुमची हवी.

भाची शाळा बघून आली. फोनवर म्हणाली, "मामा, खोलीत नळ नाही आणि कपाटाला कुलूप नाही. मुख्याध्यापक म्हणाले, दोन्ही करून देतो. गाडीचं मात्र नुसतं 'बघू' म्हणाले. मी सांगितलंय, गाडीचं लेखी द्या, जूनपासून येते." मागून तिच्या आईचा आवाज आला, "आणि पगाराचं विचारलंस का?"

तेही विचारावेच, श्रोते हो. सेवा करणाऱ्यालाही घर चालवावे लागते.