गर्दी-शुल्क : न्याय आणि नागरी स्वातंत्र्य

प्रास्ताविक

सार्वजनिक प्रश्नांवर लिहिताना संज्ञा काटेकोरपणे वापरणे का आवश्यक असते, हे आपण येथे एका उदाहरणाच्या आधारे पाहू. वाहतूक कोंडी होणाऱ्या भागात, कोंडीच्या वेळी वाहन नेल्याबद्दल द्यावी लागणारी रक्कम म्हणजे गर्दी-शुल्क. सिंगापूरने १९७५ मध्ये व लंडनने २००३ मध्ये ही पद्धत सुरू केली. महाराष्ट्रात ती अद्याप कोणत्याही शहरात लागू नाही. परंतु ती लागू करावी काय, हा प्रश्न रोज कोंडीत अडकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पडत असेल.

संज्ञांतील भेद

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१३ पर्यंत जकात होती. ती शहरात येणाऱ्या मालावर आकारली जाई. टोल हा प्रामुख्याने रस्ता बांधण्याचा व राखण्याचा खर्च वसूल करण्यासाठी असतो. दंड नियमभंगाबद्दल होतो. गर्दी-शुल्क या तिन्हींहून वेगळे आहे. भरलेल्या रस्त्यावर आणखी एक वाहन आले की इतर सर्वांनाच थोडा अधिक उशीर होतो. त्या उशिराचे मोल वाहनचालकाकडून घ्यावे, म्हणजे काही जण प्रवासाची वेळ बदलतील किंवा बसने जातील, अशी ही कल्पना आहे. तिजोरी भरणे हा तिचा मूळ हेतू नाही. लोकांची सवय बदलणे हा आहे.

न्यायाचा प्रश्न

सवय बदलायची तर पर्याय हवा. निगडीत राहणारा आणि चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा कामगार डोळ्यांसमोर आणा. कामाची वेळ त्याच्या हाती नाही. ती कारखाना ठरवतो. पिंपरी ते निगडी या मेट्रोच्या विस्ताराला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. परंतु तो मार्ग पुण्याच्या दिशेने जाणाऱ्यांच्या सोयीचा आहे, चाकणला जाणाऱ्याच्या नाही. अशा कामगाराकडून घेतलेले शुल्क गर्दी कमी करणार नाही, केवळ त्याचे वेतन कमी करील. मोटारीतून जाणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र तीच रक्कम जाणवणारही नाही.

लंडनमध्ये दुचाकींना या शुल्कातून सूट आहे आणि निव्वळ उत्पन्न वाहतूक व्यवस्थेवरच खर्च करण्याचे कायद्याने बंधन आहे. या दोन्ही तरतुदी न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे कोल्हापुरात शहरातील रस्त्यांसाठी लावलेल्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या पुढाकाराने दीर्घ आंदोलन झाले व २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द करण्याचा निर्णय झाला. आपल्याच शहरात फिरण्यासाठी पैसे का द्यावेत, हा त्या वेळचा प्रश्न गर्दी-शुल्कालाही लागू पडतो.

नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न

संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकाला देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे. सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. म्हणून केवळ शुल्क आकारल्याने हा हक्क नष्ट होतो, असे म्हणता येणार नाही. अधिक सूक्ष्म प्रश्न नोंदीचा आहे. जकात नाक्यावर मालाची नोंद होई. गर्दी-शुल्कासाठी कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो. त्यावरून कोण, केव्हा, कोठे गेले हे कळू शकते. दवाखाना, सभा, संघटनेचे कार्यालय, कोठेही जाणे त्यात आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे ही नोंद किती दिवस ठेवणार, ती कोण पाहणार आणि अन्य कारणासाठी वापरणार काय, याची उत्तरे शुल्क लागू होण्यापूर्वी कायद्यातच असली पाहिजेत.

समारोप

गर्दी-शुल्क न्याय्य की अन्याय्य, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. वेळेवर येणारी बस, दुर्बलांना सूट, उत्पन्नाचा जाहीर हिशेब आणि नोंदींवर मर्यादा असतील, तर ते समर्थनीय ठरते. पर्यायच नसेल, तर त्याला शुल्क म्हटले तरी तो कामावर जाण्यावरचा कर होतो.

स्वाध्याय

१. जकात, टोल, दंड आणि गर्दी-शुल्क यांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. आपल्या रोजच्या प्रवासमार्गावर गर्दी-शुल्क लागू झाल्यास आपल्यापुढे कोणते पर्याय असतील, ते दहा ओळींत लिहा.