स्टुडिओतले मुन्शी: सआदत हसन मंटो

सआदत हसन मंटो म्हटले की ‘टोबा टेकसिंग’ची आठवण होते. पण या थोर कथाकाराचे घर अनेक वर्षे चित्रपटाच्या पगारावर चालत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मंटोंची ती कारकीर्द आपल्या मुंबईतच घडली, म्हणून तिची ओळख करून घेऊ या.

1931 साली इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. बोलायचे तर भाषा हवी. पारशी नाटक कंपन्यांमध्ये संवाद लिहिणारे आणि नटांचे उच्चार सुधारणारे मुन्शी असत. तीच रीत स्टुडिओत आली. मुन्शी महिन्याच्या पगारावर असे आणि सांगितले ते लिहून देई. पडद्यावर नट दिसे, मालकाचे नाव मोठे झळके. लिहिणारा मागेच राही.

लुधियाना जिल्ह्यातील समराला येथे 1912 मध्ये जन्मलेले मंटो 1936 च्या सुमारास ‘मुसव्विर’ या उर्दू साप्ताहिकाचे संपादन करण्यासाठी मुंबईत आले आणि लवकरच इंपीरियलमध्ये मुन्शी झाले. 1937 मध्ये याच कंपनीने ‘किसान कन्या’ काढला. देशातच तयार झालेला हा पहिला रंगीत बोलपट. त्याची पटकथा आणि संवाद मंटोंचे होते. तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचवीस!

पण नाव झाले म्हणजे पैसा आला असे नव्हे. 1939 मध्ये सफिया यांच्याशी त्यांचा निकाह झाला, तेव्हा कंपनीकडे पगार थकलेला होता. ‘मेरी शादी’ या लेखात त्यांनी ही ओढाताण हसत हसत सांगितली आहे. मात्र उसनवारीवर संसार मांडणाऱ्याला ती किती जड गेली असेल, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

मध्यंतरी दिल्लीच्या आकाशवाणीत नाटके लिहून ते 1942 मध्ये मुंबईला परतले. ते भायखळ्याच्या क्लेअर रोडवर राहत आणि कामाला गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये जात. तिथे अशोककुमार यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री जमली. ‘चल चल रे नौजवान’ (1944), ‘आठ दिन’ (1946) ही त्या काळातली कामे. ‘आठ दिन’मध्ये तर मंटोंनी स्वतः एक छोटी भूमिकाही केली.

पुढे अशोककुमार मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये परतले, तेव्हा मंटोही सोबत गेले. तो 1947 चा काळ. स्टुडिओत मुसलमान लेखक-कलावंत नकोत, अशी धमकीची पत्रे येऊ लागली. मंटोंनी लिहून ठेवले आहे, की एका रात्री अशोककुमार त्यांना मोटारीने सोडायला निघाले आणि गाडी मुसलमान मोहल्ल्यात शिरली. मंटोंचा जीव भांड्यात राहिला नाही. पण तिथल्या लोकांनी अशोककुमारांना ओळखले, ‘भाई’ म्हणून हाक मारली आणि नीट वाट दाखवली. माणुसकी शिल्लक होती, तरी मंटोंच्या मनातली भीती गेली नाही. आपल्यामुळे मित्राच्या कंपनीला धोका नको, हा घोरही होताच. जानेवारी 1948 मध्ये त्यांनी मुंबई सोडली.

लाहोरमध्ये चित्रपटाचा धंदाच मोडकळीला आला होता. वर्तमानपत्रांसाठी कथा लिहून ते पोट भरत राहिले. त्यांची मुंबईत राहिलेली एक कथा मात्र जिवंत होती. ती सोहराब मोदींनी ‘मिर्झा गालिब’ या नावाने पडद्यावर आणली. संवाद राजिंदर सिंह बेदींचे होते. 1954 च्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मंटो 18 जानेवारी 1955 रोजी लाहोरमध्ये वारले, अवघ्या बेचाळीसाव्या वर्षी.

आम्ही शिक्षक मुलांना सुंदर लिहायला सांगतो. पण लिहिणे हीही मेहनत आहे आणि मेहनतीला मोबदला व नाव दोन्ही मिळाले पाहिजे, हे सांगायला विसरतो. आता घरात जुना चित्रपट लागला, तर सुरुवातीची नावे पुढे ढकलू नका. मुलांना जवळ बसवा आणि कथा-संवाद कोणाचे आहेत, ते मोठ्याने वाचायला सांगा. त्या मुन्शींचा आपल्यावर एवढा हक्क नक्कीच आहे.