रस्त्यावरून दिसणारे अंगण

२७ जुलै २०२२ रोजी गूगल कंपनीने आपली ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सेवा भारतातील दहा शहरांत सुरू केली. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, पुणे, नाशिक, वडोदरा व अमृतसर यांच्या जोडीने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराचे नाव पहिल्याच यादीत होते. मोटारीच्या टपावर कॅमेरा बसवून रस्तोरस्ती चहूबाजूंची छायाचित्रे घ्यावयाची आणि ती एकमेकांस जोडून नकाशावर सर्वांस खुली करावयाची, असे या सेवेचे स्वरूप आहे. माणसांचे चेहरे व वाहनांचे क्रमांक त्यात अस्पष्ट केले जातात. परंतु रस्त्यालगतचे अंगण, गॅलरी, परसातील झाड, दाराशी उभी असलेली मोटारसायकल ही सारी तशीच राहतात, आणि त्यासाठी घरमालकाची संमती घेतली जात नाही.

या सेवेचा इतिहास बोलका आहे. २०११ मध्ये बंगळुरूत पोलिसांच्या हरकतीमुळे हे चित्रण थांबवावे लागले. २०१६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सुरक्षिततेच्या कारणास्तव परवानगी नाकारली. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशांविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रस्त्यावरील चित्रणाचे काम त्यांनुसार केवळ भारतीय संस्थांनाच करता येते. म्हणूनच गूगलला जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्र या कंपन्यांशी सहकार्य करावे लागले. नकाशावर कोणत्या संवेदनशील गोष्टी दर्शवू नयेत, याविषयीचे निर्बंधही त्यातच आले. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या नगरसारख्या शहरास या सावधगिरीचे महत्त्व सांगावयास नको. तथापि ही सारी चर्चा राज्यसंस्थेच्या सुरक्षिततेची होती. सामान्य नागरिकाच्या उंबरठ्याची बाजू तीत अभावानेच मांडली गेली.

पाहणे आणि साठवणे

या सेवेचे समर्थक म्हणतात की, रस्त्यावरून जे कोणासही दिसते, त्यात खासगी ते काय राहिले? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु तो पाहणे आणि साठवणे यांतील भेद विसरतो. वाटसरूची नजर क्षणभर पडते आणि पुढे जाते. कॅमेऱ्याची नजर नोंद ठेवते, आणि ती नोंद कोणी, किती वेळा व कशासाठी पाहिली, याचा पत्ता घरमालकास लागत नाही.

याच जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथील घरांना परंपरेने दारेच नाहीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र दार नाही म्हणून घरात डोकावण्याची मुभा आहे, असा अर्थ तेथे येणारे लक्षावधी भाविक करीत नाहीत. खासगीपणाचे रक्षण फळीने वा कुलपाने जेवढे होते, त्याहून अधिक ते परस्परांनी पाळलेल्या मर्यादेने होते. यंत्रास अशी मर्यादा आपोआप कळत नाही. ती नियमाने घालून द्यावी लागते.

आपल्या कायद्यास ही कल्पना अपरिचित नाही. १८८२ च्या ‘इंडियन ईझमेंट्स अॅक्ट’मध्ये एक उदाहरण दिलेले आहे. ज्या नगरात तशी रूढी असेल, तेथे शेजाऱ्याच्या घराचा एरवी नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. मोटारीच्या टपावर उभारलेला कॅमेरा ही एका अर्थाने अशीच नवी खिडकी आहे. फरक इतकाच की, ती एका शेजाऱ्याची नसून साऱ्या जगाची आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. परंतु घराचे वा शेताचे चित्र ही त्या कुटुंबाची व्यक्तिगत माहिती होय की नव्हे, याचे थेट उत्तर त्या कायद्याच्या शब्दांत सापडत नाही.

शेताचा प्रश्न

हा प्रश्न केवळ शहरापुरता नाही. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर या भागांत असंख्य कुटुंबे गावठाणात न राहता आपल्या शेतातील वस्तीवर राहतात. उपग्रहाच्या चित्रात त्यांचे घर, गोठा, विहीर, शेततळे आणि बांधावरून घरापर्यंत जाणारी वाट स्पष्ट दिसते. दुसरीकडे सातबाराचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. त्यात खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि सोसायटीच्या वा बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असतो. सातबारा खुला असण्यास सबळ कारण आहे. जमिनीच्या व्यवहारातील फसवणूक त्यामुळे टळते. नकाशाचेही उपयोग आहेत; वस्तीवर रुग्णवाहिका बोलवावयाची तर त्याचीच मदत होते.

परंतु दोन निरुपद्रवी गोष्टी एकत्र आल्या की तिसरीच गोष्ट निर्माण होते. कर्जाखाली असलेल्या शेतकऱ्याचे नाव, त्याच्या पाण्याची सोय आणि रस्त्यापासूनचे अंतर एवढे दूरच्या शहरातील दलालास घरबसल्या कळते. शेतकऱ्यास मात्र समोर आलेल्या गिऱ्हाइकाविषयी काहीच ठाऊक नसते. ज्या बाजारात माहिती एकाच पक्षाच्या हाती असते, तेथील भाव न्याय्य ठरत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धान्त आहे. खासगीपणा ही केवळ भावनेची बाब नसून सौदा करण्याच्या शक्तीचीही बाब आहे, ती अशी.

इतर देशांनी या प्रश्नास आपापल्या परीने तोंड दिले आहे. जपानमध्ये कुंपणापलीकडचे दिसते, अशा तक्रारी झाल्यावर २००९ मध्ये कॅमेऱ्याची उंची ४० सेंटिमीटरने कमी करण्यात आली. जर्मनीत २०१० मध्ये २० शहरांतील सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी सेवा सुरू होण्यापूर्वीच आपली घरे अस्पष्ट करवून घेतली. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील एका दांपत्याने, चित्रणाची मोटार आपल्या खासगी वाटेवर शिरली म्हणून दावा लावला. खासगीपणाच्या भंगाची त्यांची तक्रार न्यायालयाने फेटाळली. अतिक्रमणाबद्दल मात्र २०१० मध्ये त्यांना भरपाई मिळाली, ती एक डॉलर! एकट्यादुकट्या नागरिकाने न्यायालयात जाऊन काय साधते आणि आगाऊ सूचना देण्याने काय साधते, हे या उदाहरणांवरून उघड होते.

घर अस्पष्ट करण्याची विनंती करण्याची सोय आपल्याकडेही आहे; परंतु ज्यास ती ठाऊक आहे त्याच्यापुरतीच. आपले घर नकाशावर दिसते हेच ज्यास माहीत नाही, त्याने विनंती करावी कशी? म्हणून चित्रणापूर्वी महापालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत सूचना लावणे, कॅमेऱ्याची उंची माणसाच्या नजरेइतकी ठेवणे, शेतातील खासगी वाटेवर परवानगीवाचून न जाणे आणि हरकतीचा अर्ज गावातच देता येईल अशी व्यवस्था करणे, एवढी बंधने घालावयास हवीत. यांपैकी एकही खर्चिक नाही, आणि त्यांमुळे नकाशाच्या उपयुक्ततेस बाधा येण्याचेही कारण नाही. सरकारने आपल्या छावण्या व किल्ले यांच्यासाठी जी काळजी घेतली, तिचा अल्पसा अंश नागरिकाच्या अंगणाच्या वाट्यास यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.