फॉर्म क्रोममध्ये चालतो, फायरफॉक्समध्ये कोरा होतो: जेक्वेरी आणि अजॅक्सची एक भानगड

एखादा ऑनलाइन फॉर्म भरून तुम्ही ‘सबमिट’ दाबलंत, पान क्षणभर लुकलुकलं आणि तोच फॉर्म पुन्हा कोरा होऊन समोर आला, असं कधी झालंय का? ‘गेला असेल’ म्हणून आपण फोन खिशात टाकतो. पण तो गेलेला नसतो. निदान जिथे जायला हवा तिथे तरी नाही. हे मला २०१७ साली चांगलंच कळलं, आणि चूक माझीच होती.

आमच्या तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना तिथे थोड्याशा फीमध्ये टेबल, पंखा, लाईट आणि रोजचे पेपर मिळतात. त्या वर्षी ६० जागा होत्या. नाव नोंदवायला पहाटेपासून रांग लागायची, म्हणून मी हौसेने ऑनलाइन फॉर्म करून दिला. नियम साधा, पहिल्या ६० जणांना जागा. फॉर्म मी माझ्या फोनवर तपासला, लॅपटॉपवर तपासला. दोन्हीकडे क्रोमच होता, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. रविवारी दारावर यादी लागली.

सोमवारी शेजारच्या गावातली एक मुलगी आली. म्हणाली, "दादा, मी पहिल्याच दिवशी तीन वेळा भरला की फॉर्म. दर वेळी पान नुसतं कोरं होतंय." यादीत तिचं नाव नव्हतं. डेटाबेसमध्येही नव्हतं. मी म्हटलं, नेट गेलं असेल. तिने काही न बोलता भावाचा फोन काढला आणि माझ्यासमोर फॉर्म पुन्हा भरून दाखवला. नेट व्यवस्थित होतं. पान लुकलुकलं, फॉर्म कोरा. ब्राउझर होता फायरफॉक्स.

आता नेमकं काय बिघडलं ते समजायला आधी दोन गोष्टी माहीत हव्यात.

फॉर्म पाठवायचे दोन रस्ते असतात. पहिला जुना रस्ता: बटण दाबलं की ब्राउझर स्वतःच सगळी माहिती गोळा करून सर्व्हरकडे पाठवतो आणि नवीन पान उघडतो. दुसरा रस्ता अजॅक्सचा: पान जागच्या जागी राहतं, मागच्या मागे जावास्क्रिप्ट सर्व्हरशी बोलते आणि उत्तर आलं की पानावर तेवढाच बदल करते. तुम्ही एखाद्या फोटोला लाइक करता तेव्हा सगळं पान नव्याने उघडत नाही ना, ते यामुळेच. अजॅक्सचा रस्ता धरायचा असेल तर आधी ब्राउझरला सांगावं लागतं, "थांब, तू नेहमीसारखा फॉर्म पाठवू नकोस, मी बघतो." या सांगण्याला प्रिव्हेंट-डिफॉल्ट म्हणतात. ते सांगायचं राहिलं तर ब्राउझर आपला जुना रस्ता पकडतो.

आणि जेक्वेरी म्हणजे जॉन रेसिग या प्रोग्रामरने २००६ साली आणलेली जावास्क्रिप्टची लायब्ररी. त्या काळी प्रत्येक ब्राउझरचा स्वभाव वेगळा होता. एकच अजॅक्स विनंती करायची तर इंटरनेट एक्सप्लोरर ६ साठी एक कोड आणि बाकीच्यांसाठी दुसरा. जेक्वेरीने म्हटलं, तुम्ही एकच आज्ञा लिहा, कुठल्या ब्राउझरला काय सांगायचं ते मी बघते. त्यामुळे ती इतकी पसरली, की आजही असंख्य जुन्या साइट्सचे फॉर्म तिच्यावर चालतात.

मग जेक्वेरी वापरूनही माझा फॉर्म एका ब्राउझरमध्ये का अडकला?

लॅपटॉपवर फायरफॉक्स टाकला आणि फॉर्म भरला. तसंच झालं, कोरा. डेव्हलपरसाठी जी खिडकी असते, कन्सोल, तिथे लाल रंगाचं काहीतरी चमकून गेलं आणि पान नव्याने उघडताच पुसलं गेलं. इथे माझा अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की कन्सोलच्या सेटिंगमध्ये ‘पर्सिस्ट लॉग्ज’ म्हणून एक पर्याय असतो, क्रोममध्ये त्यालाच ‘प्रिझर्व्ह लॉग’ म्हणतात. तो चालू केला की पान बदललं तरी आधीचे संदेश टिकतात. फॉर्मची कुठलीही भानगड शोधायला बसलात तर पहिलं काम हेच करा.

संदेश टिकला. त्यात लिहिलं होतं, ‘इव्हेंट इज नॉट डिफाइन्ड’.

झालं होतं ते असं. सबमिट झाल्यावर चालणारं जे फंक्शन मी लिहिलं होतं, त्याच्या कंसात मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि आत मात्र बिनधास्त ‘इव्हेंट, प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ असं म्हटलं होतं. हा इव्हेंट आला कुठून? क्रोममध्ये इव्हेंट नावाची एक सामाईक वस्तू कुठूनही मिळते. इंटरनेट एक्सप्लोररने पाडलेली ही जुनी सवय, क्रोम आणि सफारीनेही ती ठेवली. फायरफॉक्समध्ये ती नव्हती. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, ६३ व्या आवृत्तीत आली. म्हणजे २०१७ मध्ये क्रोम माझा निष्काळजीपणा झाकत होता आणि फायरफॉक्स तो उघडा पाडत होता. पहिल्याच ओळीत फंक्शन मेलं, ‘थांब’ हे सांगणं राहून गेलं, आणि ब्राउझरने त्याच्या पद्धतीने फॉर्म पाठवून दिला. मी फॉर्मला पत्ताही दिला नव्हता आणि पाठवायची पद्धतही. अशा वेळी ब्राउझर गेट पद्धत धरतो, आणि माहिती त्याच पानाच्या पत्त्याला चिकटवून तेच पान परत मागवतो. म्हणून कोरा फॉर्म.

दुरुस्ती काय, तर कंसात ‘इव्हेंट’ हा एक शब्द. बस. जेक्वेरी आपल्या प्रत्येक फंक्शनला इव्हेंट स्वतः हातात देते, आणि तो सगळ्या ब्राउझरांत सारखाच वागेल याची काळजीही घेते. ती देत होती, मीच हात पुढे केला नव्हता. लायब्ररी ब्राउझरांमधले खाचखळगे बुजवते हे खरं, पण जे तिच्या हातून घ्याल तेवढ्यापुरतंच. थेट ब्राउझरकडून उचललं की खड्डा तिथेच.

त्या रात्री मग मी सगळा फॉर्म चाळणीतून काढला.

तारीख हे याचं सगळ्यात वैतागवाणं उदाहरण. जन्मतारीख ‘दिवस-महिना-वर्ष’ अशी लिहून ती जावास्क्रिप्टच्या डेट-मध्ये टाकली, तर तिचं काय करायचं हे प्रत्येक ब्राउझर स्वतः ठरवतो. क्रोम १२-०५ चा अर्थ ५ डिसेंबर घेतो. दुसरा कुणी ‘चुकीची तारीख’ म्हणून हात वर करतो. यात जेक्वेरी काहीच करत नाही, कारण तारीख तिच्याकडे जातच नाही. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, या क्रमाने लिहिलं तरच सगळे एकमताने वाचतात. ‘हा रकाना भरलाच पाहिजे’ ही खूण तशीच. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत सफारी ती खूण समजून घ्यायचा, पण रिकामा फॉर्म अडवायचा नाही. तेव्हा तपासणी सर्व्हरवरही हवीच.

काही गोष्टी मात्र ब्राउझरच्या नसून जेक्वेरीच्याच नियमांच्या आहेत, आणि लोक उगाच ब्राउझरला शिव्या घालतात. तिची सीरियलाइज नावाची सोय फॉर्ममधली माहिती एका ओळीत बांधून देते, पण फोटो-फाइल त्यात येत नाही. त्यासाठी फॉर्म-डेटा वापरायचा आणि जेक्वेरीला ‘यावर प्रक्रिया करू नकोस, प्रकारही ठरवू नकोस’ असं दोन सेटिंग बंद करून सांगायचं. ज्या रकान्याला नेम नाही तो येत नाही, जो बंद केलेला आहे तोही येत नाही. मी काय शहाणपणा केला होता? लोकांनी दोनदा दाबू नये म्हणून सबमिट होताच सगळे रकाने बंद करायचे, आणि मग सीरियलाइज करायचं, असा बेत होता. माहिती रिकामी! आधी बांधा, मग बंद करा. आणि खरं तर फक्त बटण बंद केलं तरी पुरतं. उत्तर येवो वा चूक येवो, ते पुन्हा उघडायला विसरू नका.

आणखी एक. सर्व्हर ‘सगळं ठीक’ म्हणतो, माहिती जतनही होते, आणि पानावर मात्र ‘काहीतरी चुकलं’ असं येतं. बऱ्याचदा कारण असं, की जेसन उत्तराच्या आधी सर्व्हरवरून एखादी इशाऱ्याची ओळ चुकून छापली गेलेली असते. जेक्वेरी याबाबत कडक आहे, एक अक्षर जास्त आलं तरी ती पार्सर-एरर देते. नेटवर्कच्या टॅबमध्ये जाऊन सर्व्हरने नेमकं काय पाठवलं ते उघड्या डोळ्यांनी बघा, पाच मिनिटांत सापडतं. आणि वेळेची मर्यादा द्या. जेक्वेरी स्वतःहून ती घालत नाही, त्यामुळे कमी रेंजमध्ये बिचारा माणूस गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो.

तुम्ही कोड लिहीत नसाल, फक्त फॉर्म भरत असाल, तर? सबमिटनंतर पान कोरं झालं की वर पत्त्याच्या पट्टीत बघा. प्रश्नचिन्हानंतर तुमचं नाव, मोबाईल नंबर अशी लांबलचक रांग दिसली तर समजा की फॉर्म भलत्या रस्त्याने गेलाय. स्क्रीनशॉट काढा, पण कुणालाही पाठवताना नंबर झाका. मग दुसरा ब्राउझर घेऊन बघा. हा उपाय अँड्रॉइडवर चांगला चालतो. आपल्याकडे आयफोनवर मात्र क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट. त्यामुळे तिथे ब्राउझर बदलण्यापेक्षा फोन बदलून बघितलेला बरा. ऑपेरा मिनी डेटा वाचवण्याच्या टोकाच्या मोडमध्ये असेल तर जावास्क्रिप्ट जेमतेमच चालते, तेव्हा महत्त्वाचा फॉर्म तिथे भरूच नका.

माझ्या बाबतीत याच भलत्या रस्त्याने मला वाचवलं. माहिती पत्त्याला चिकटून गेली होती, आणि सर्व्हर मागितलेला प्रत्येक पत्ता आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून तो लॉग उतरवला. मराठीत लिहिलेली नावं टक्केचिन्हांच्या लांब माळा होऊन बसली होती, ती उलगडली. एकूण २६ ओळी, ११ माणसं. कुणी दोनदा, कुणी पाचदा प्रयत्न केलेला. लॉगमधली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची होती. तो फरक लक्षात आला नसता तर क्रमही चुकला असता. वेळा जुळवल्यावर दिसलं की या अकरांपैकी चौघे पहिल्या साठात येत होते. ती मुलगी २३ वी होती.

अभ्यासिकेच्या काकांना सगळं सांगितलं. ज्यांना जागा मिळाल्याचं कळवलं होतं त्यांतल्या कुणाला उठवायचं नाही, असं ते म्हणाले. पेपरवाचनाच्या खोलीत दोन टेबलं आणि चार खुर्च्या टाकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फॉर्म तू केलास, आता फोनही तूच कर." अकरा फोन केले. सात जणांना जागा नाही असं सांगावं लागलं, त्यातल्या एकाला त्याचा फॉर्म पोचलाच नव्हता हेही तेव्हाच कळलं.

फोन झाल्यावर फॉर्मला पत्ता दिला, पद्धत पोस्ट केली. पुढे जावास्क्रिप्ट कुठेही बंद पडली तरी फॉर्म साध्या रस्त्याने योग्य ठिकाणी पोचेल आणि कुणाचा नंबर पत्त्याच्या पट्टीत दिसणार नाही. अकरा जणांचे मोबाईल नंबर त्या लॉगमध्ये उघडे पडून होते. तो लॉग होस्टिंगवरून आणि माझ्या लॅपटॉपवरून, दोन्हीकडून पुसला.