बिल नसलेला जुना फोन
सेकंडहँड फोन बिघडला आणि बिल हाती नसेल, तरी लगेच पदरचे पैसे खर्च करू नका; वॉरंटी शिल्लक असू शकते. *#०६# डायल करा; १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. त्यावरून बऱ्याच कंपन्यांना फोन पहिल्यांदा कधी सुरू झाला ते कळते. ॲपल तर सीरियल नंबरवरून वॉरंटीची उरलेली मुदत संकेतस्थळावरच दाखवते. तरीही सर्व्हिस सेंटरने बिलाचा आग्रह धरला, तर मूळ मालकाला गाठा: खरेदी ऑनलाइन असेल तर त्याच्या खात्यातून बिल पुन्हा काढता येते. पडून फुटलेला फोन मात्र बिल असूनही साध्या वॉरंटीत बसत नाही. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला नाही ना, हे खरे तर पैसे मोजण्याआधीच सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासायला हवे. मुदत शिल्लक असूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा.