धोका गोळीचा की आजाराचा?

कापूस वेचणीच्या दिवसांत खानदेशातल्या बाईचं सगळं काम हातांवर असतं. पहाटे कळण्याची भाकरी थापायची, मग शेत गाठायचं. तेच हात सकाळी तासभर वळेनासे झाले, दोन्हीकडची बोटं आणि मनगटं सुजली, की ‘वात आहे’ म्हणत तेल चोळलं जातं. हे दुखणं सहा आठवड्यांवर लांबलं, तर तो आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये केलेल्या पाहणीत साधारण अर्धा टक्का प्रौढांना हा आजार आढळला.

आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. या यंत्रणेतल्या, रक्तातल्या बी-पेशी वर्षानुवर्षं चेतलेल्या राहतात, पुन्हा पुन्हा विभागतात. अशा विभाजनात जनुकांमध्ये चूक होऊन एखादी पेशी बेलगाम वाढू लागली, की लिम्फोमा हा रक्तपेशींचा कर्करोग होतो. आमवाताच्या रुग्णांत त्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आहे. मात्र लिम्फोमा मुळातच कमी आढळतो. त्यामुळे बहुतेक रुग्णांना तो कधीच होत नाही.

भीती वेगळ्याच कारणानं पसरते. आमवातावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट ‘कॅन्सरची गोळी’ आहे असं कानावर येतं आणि रुग्ण ती सोडून देतात. गोळीचा इतिहास तसा आहे खरा. आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूनं या गटातली औषधं तयार केली. त्यातल्या अमिनोप्टेरिननं ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना आराम पडल्याचं अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८मध्ये दाखवलं. आमवातात मात्र मेथोट्रेक्सेटची मात्रा अगदी कमी असते आणि ते आठवड्यातून एकदाच घेतात.

मग धोका वाढवतं कोण? स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६मध्ये लिम्फोमा झालेल्या ३७८ आमवात-रुग्णांची तुलना लिम्फोमा नसलेल्या तेवढ्याच आमवात-रुग्णांशी केली. ज्यांची सूज वर्षानुवर्षं तीव्र राहिली, त्यांचा धोका सौम्य आजाराच्या रुग्णांपेक्षा सुमारे सत्तरपट निघाला. मेथोट्रेक्सेटनं धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. या औषधावर असताना लिम्फोमा होऊन, ते थांबवल्यावर तो ओसरल्याची उदाहरणं आहेत. पण ती विरळा.

म्हणून सूज लवकर आटोक्यात आणणं महत्त्वाचं. गोळी मनानं बंद करू नये, रोजही घेऊ नये. रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते. ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. तंबाखूचा धूर आमवाताला खतपाणी घालतो, तेव्हा विडी-सिगारेट सोडावी. मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ, रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा कारण नसताना घटणारं वजन दिसलं, तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न पाहता जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं आणि आमवाताची जुनी फाइल सोबत न्यावी.