उपग्रह असताना अलिबागचे वेध कशाला?

पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा आणि त्यात अडकलेल्या किरणोत्सर्गाचा अभ्यास उपग्रहांनी सुरू केला, आता जमिनीवरच्या चुंबकीय वेधशाळांची गरज उरलेली नाही, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असलेला नोंदींचा वारसा पाहिला, की तो टिकत नाही. सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. हजारो किलोमीटर उंचीवर विद्युत्भारित कण पृथ्वीभोवती फिरू लागले, की त्यांचा वलयप्रवाह जमिनीवरचे क्षेत्र दुबळे करतो. म्हणजे त्या कणांचा परिणाम कुलाब्यात मोजला गेला, तेव्हा पहिला उपग्रह जवळजवळ शंभर वर्षे दूर होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचे प्रवाह मोजमाप बिघडवणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभारली गेली. ही दूरदृष्टी खरोखर मोलाची ठरली, कारण त्यामुळे नोंदींची साखळी तुटली नाही.

मग उपग्रहांनी नवे काय दिले? पुष्कळ. जमिनीवरचे यंत्र सगळ्या प्रवाहांची गोळाबेरीज सांगते. कण कुठे आहेत आणि किती ऊर्जेचे आहेत, हे त्याला कळत नाही. १९५८ च्या जानेवारीअखेरीस सुटलेल्या एक्सप्लोरर-१ वरचा गायगर गणक जास्त उंचीवर गप्प होई. तिथे किरणोत्सर्गच नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. उलट कण इतके होते की गणक मोजू शकत नव्हता. एक्सप्लोरर-३ च्या नोंदींतून जेम्स व्हॅन ॲलन यांना हे उमगले आणि प्रारणपट्ट्यांचा शोध लागला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-१२ ने, सूर्याच्या बाजूला पृथ्वीच्या सुमारे दहा त्रिज्यांइतक्या अंतरावर, आपल्या चुंबकीय क्षेत्राची सीमा ओलांडली. पण डिसेंबरमध्ये तो बंदही पडला. क्वचित येणारी महावादळे समजायला दीडशे वर्षांची सलग नोंद लागते. ती एकट्या उपग्रहांकडून मिळणे शक्य नाही.

एका ठिकाणची घसरण स्थानिकही असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच काही संशोधकांनी कुलाब्याच्या आकड्यांची ताशी सरासरी काढली. ती सुमारे उणे ८५० नॅनोटेस्ला येते. मार्च १९८९ मध्ये कॅनडातला क्वेबेक प्रांत अंधारात लोटणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता; म्हणजे सरासरी काढूनही १८५९ चे वादळ मोठेच ठरते.